हमीदा बानो: "मला हरवा, मी लग्न करते" म्हणणारी पैलवान

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत बसल्यावर इअरफोन घरीच राहिल्याचं लक्षात आलं, त्यांच्यासाठी हे लिहून टाकतोय. बोलल्यासारखंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" अन् "काय झालं की" कमी केलेत.

आज विषय कुस्तीचा आहे. खाशाबा जाधव नाहीत, दारासिंग नाहीत, आमिर खानचा 'दंगल' तर नाहीच. आज हमीदा बानो.

तुमच्यापैकी काहींनी हे नाव पाहिलेलं आहे, फक्त आठवत नाही. ४ मे २०२४ ला गुगल उघडलं असेल तर वरच्या चित्रात एक धिप्पाड बाई दिसली असेल. तेच ते. डूडल. आपण बोटाने वर सरकवलं अन् क्रिकेटचा स्कोअर बघितला. मीही तेच केलं असतं, पण त्या दिवशी रेंज नव्हती, पान तिथंच अडकलं, म्हणून नाव वाचलं.

तर गोष्ट १९५४ सालची. फेब्रुवारी महिना. तिशीतली एक बाई जाहीर करते की जो पुरुष पैलवान मला कुस्तीत हरवेल, त्याच्याशी मी लग्न करीन. हे नुसतं तोंडाने बोलून मोकळी झाली नाही. पटियाळ्याचा एक चॅम्पियन आला, हरला. कलकत्त्याचा एक आला, तोही हरला. अन् मे महिन्यात ती तिसऱ्या कुस्तीसाठी बडोद्याला पोचली.

आता आपल्याकडची आम दंगल डोळ्यासमोर आणा. जत्रेत मैदान मोकळं केलेलं, मधे माती उकरून भुसभुशीत केलेली, माईकवर एक जण इनामाचे आकडे ओरडतोय. पैलवान गोल फिरतात, नजरेनेच वजन जोखतात, जोड ठरते, हात मिळवतात. मग खडाखडी. म्हणजे नुसतं एकमेकांच्या मानेला हात घालून, मनगट धरून अंदाज घेणं. आपल्याला वाटतं काहीच चाललेलं नाही, पण खरा हिशोब तिथंच होत असतो. घड्याळाशी फारसं देणंघेणं नाही. पाठ मातीला लागली, आभाळ दिसलं, की चितपट. ऑलिंपिकसारखे गुण मोजत बसायचं काम नाही. जोड तुल्यबळ असेल तर अर्धा तासही निघतो अन् शेवटी पंच बरोबरीत सोडवतात.

त्या गर्दीत एक बाई मातीत उतरून म्हणते, या कोण येता ते. सत्तर वर्षांपूर्वी. अन् बाईला तालमीचा उंबरासुद्धा ओलांडू द्यायचे नाहीत असा तो काळ.

बडोद्यात तिची जाहिरात अशी झाली होती की लॉऱ्यांवर, गाड्यांवर पोस्टर अन् बॅनर लावून गावभर फिरवले. खो-खोचे नामांकित खेळाडू सुधीर परब तेव्हा तिथं लहान होते. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी ही आठवण सांगितली. समोर उतरणार होता छोटा गामा. नावावर जाऊ नका, हा तो जगप्रसिद्ध गामा नाही. पण बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेला पैलवान, म्हणजे काही साधा गडी नव्हे. ऐनवेळी त्याने माघार घेतली. कारण काय, तर बाईशी कुस्ती खेळणार नाही.

मग दुसरा पुढे आला, बाबा पैलवान. कुस्ती चालली १ मिनिट ३४ सेकंद. बाबा पैलवान चीत. ही बातमी त्या वेळी परदेशी वृत्तसंस्थांनीही पाठवली होती. गुगलच्या त्या डूडलची तारीखही याच कुस्तीच्या बातम्यांवरून निवडलेली.

ही बाई आली कुठून?

मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची. हो, तेच वेब सिरीजवालं मिर्झापूर. घरात कुस्तीचं वातावरण होतं, पण गावात बाईने कुस्ती खेळणं कुणाला पटणार? ती अलिगढला गेली अन् सलाम पैलवान नावाच्या वस्तादाकडे शिकू लागली. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

१९३७ मध्ये लाहोरच्या फिरोज खान नावाच्या पैलवानाला हरवल्यावर तिचं नाव बाहेर पसरलं असं सांगतात. १९४४ पर्यंत ती मुंबईत इतकी गाजली होती की गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली, तेव्हा वीस हजार लोक बघायला आले. ऐनवेळी कुस्ती रद्द झाली. गुंगाने जास्त पैसे अन् तयारीला जास्त वेळ मागितला, आयोजकांना ते जमलं नाही. लोकांनी चिडून स्टेडियमची मोडतोड केली. विचार करा, वीस हजार लोक तिकीट काढून आले होते, अन् पोस्टरवर नाव एका बाईचं होतं.

वर्तमानपत्रांनी तिला नाव दिलं 'अलिगढची ॲमेझॉन'. राजेहो, डिलिव्हरी बॉयवाली ॲमेझॉन नाही. ग्रीक पुराणकथांमध्ये लढवय्या बायकांची एक जमात येते, तिला ॲमेझॉन म्हणतात.

आता तिचा खुराक. हा भाग ऐकून दोघांनी मला मेसेज केला की आकडे खोटे असतील. आकडे माझे नाहीत, त्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेले आहेत. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. दिवसाला साडेपाच लिटरच्या आसपास दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, दोन मोठे पाव अन् दोन प्लेट बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास व्यायाम. उरलेले नऊ तास बहुतेक जेवणातच जात असतील.

हे आकडे छापण्यामागे एक हिशोब होता, तोही समजून घ्या. खुराक, वजन, लग्नाची पैज, हे सगळं तिकीट विकण्याचं साहित्य होतं. हमीदा बानो व्यावसायिक पैलवान होती. म्हणजे पदकासाठी नाही, गेटवर जमणाऱ्या पैशासाठी लढायची. त्या काळात या धंद्याला मोठी गर्दी होती. सिंगापूरला राहणारा किंग काँग, दोनशे किलोच्या घरातला गडी, हिंदुस्थानात येऊन कुस्त्या करायचा. दारासिंग याच धंद्यात वर आले. अन् दुसऱ्या बाजूला बघा. याच्या दोनच वर्षं आधी, १९५२ ला, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार दिले, तेव्हा कुठे खाशाबा गेले अन् कांस्यपदक घेऊन आले. ऑलिंपिकच्या कुस्तीला पैसा नाही अन् तिकिटाच्या कुस्तीला वीस हजारांची गर्दी, असा तो मामला होता.

आता खरा वाद. महाराष्ट्रात काय झालं?

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आजही तिथं आहे, गल्लोगल्ली तालमी आहेत. अशा गावात हमीदाने शोभासिंग पंजाबी नावाच्या पैलवानाला हरवलं. टाळ्या पडल्या नाहीत. लोकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना बोलवावं लागलं. लोकांचं म्हणणं, ही कुस्ती नाही, हा तमाशा आहे, सगळं आधीच ठरलेलं.

पुण्यात तर कुस्ती झालीच नाही. रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची जोड ठरली होती. तिथल्या कुस्ती संघटनेने विरोध केला अन् कार्यक्रम रद्द झाला.

हमीदा गप्प बसली नाही. तिने थेट मुख्यमंत्र्यांकडे तक्रार केली. तेव्हा महाराष्ट्र नव्हता, मुंबई राज्य होतं अन् मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. बडोदा, पुणे, कोल्हापूर, मुंबई, ही सगळी गावं त्यांच्याच राज्यात. (आपण मात्र नव्हतो. १९५४ मध्ये बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. म्हणजे हमीदा जळगाव जामोदच्या दंगलीत आली असती तर मोरारजींना काही करता आलं नसतं. ही आपली माझी खुशी.)

मोरारजींनी उत्तर दिलं. ती बाई आहे म्हणून बंदी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आयोजकांबद्दल तक्रारी आहेत, ते तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात, म्हणून बंदी.

इथं मी भाग रेकॉर्ड करताना दोनदा थांबलो, कारण हा मुद्दा एका वाक्यात उडवून लावण्यासारखा नाही. "बिचारी बाई, दुष्ट पुरुष" एवढं म्हणून पुढे जाता येतं, पण मग गोष्ट अर्धीच कळते.

ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द तुम्ही ऐकला असेल, दोन नेते खोटं खोटं भांडतात तेव्हा. तर हमीदाच्या कुस्त्या नुरा होत्या का? १९५४ पर्यंत तिने तीनशेच्या वर कुस्त्या जिंकल्याचा दावा होता. तीनशे! ज्या धंद्यात गेटवर पैसा जमतो, आयोजक दोन्ही पैलवानांना पैसे देतो अन् बाई जिंकली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, तिथं त्यातल्या काही कुस्त्या तरी ठरलेल्या नसतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दीड मिनिटात निकाल लागणं हेही संशयाला जागा देतं, कारण बरोबरीच्या जोडीत एवढा वेळ खडाखडीतच जातो.

पण उलट बाजूही आहे. जोड बरोबरीची नव्हती तर? १०८ किलोचं अंग, तेही ५ फूट ३ इंचात, म्हणजे वजनाचा सगळा भार खाली. अशा पैलवानाची पकड एकदा बसली की हलक्या गड्याला तिथून सुटणं कठीण. त्यात दोन दशकांचा सराव. दीड मिनिटात कुस्ती निकाली निघायला फसवणूकच लागते असं काही नाही. मातीतले जाणकार तुम्हाला सांगतील, समोरचा बेसावध असला तर दहा सेकंदही पुरतात.

मला खटकतं ते वेगळंच. कोल्हापूरच्या लोकांनी कुस्ती खोटी आहे हे ठरवलं कशावरून? बाई जिंकली यावरून. म्हणजे ती हरली असती तर कुस्ती खरी ठरली असती, अन् जिंकली म्हणून खोटी. अशा मैदानात तिला खरं ठरण्याचा रस्ता होता कुठे? छोटा गामाचंही तेच गणित. बाईला हरवलं तर त्यात कसली मर्दुमकी, अन् हरलो तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. त्याच्या जागी बसून विचार केला तर माघार घेणं शहाणपणाचंच होतं. म्हणून तर हमीदासमोर नावाजलेले पैलवान फारसे येईनात अन् आयोजकांना मिळेल तो गडी उभा करावा लागला असेल. मग लोक म्हणायला मोकळे, बघा, नकली पैलवान.

अन् दारासिंग, किंग काँग यांच्या कुस्त्यांबद्दल लोक कुजबुजत नव्हते का? कुजबुजायचेच. आजही गावात कुणी म्हातारा भेटला तर म्हणेल, अरे ते सगळं ठरलेलं असायचं. पण तो संशय पाठीशी असूनही दारासिंग सिनेमात गाजले, 'रामायण' मालिकेत हनुमान म्हणून घराघरात पोचले, २००३ मध्ये राज्यसभेवर गेले. हमीदाच्या पाठीशी तोच संशय होता अन् तिच्या वाट्याला दगड आले.

असो. पुढे चला, कारण गोष्टीतली सगळ्यात वाईट गोष्ट मैदानात घडलेलीच नाही.

त्याच १९५४ मध्ये मुंबईत तिची कुस्ती झाली वेरा चिस्टिलिनशी. पेपरात हिला रशियाची अस्वलीण म्हणायचे. म्हणजे या वेळी बाईविरुद्ध बाई, तेव्हा 'बाईशी कसं लढायचं' हा प्रश्नच नव्हता. हमीदाने तिला एक मिनिटाच्या आत संपवलं. त्यानंतर तिने जाहीर केलं की आता युरोपात जाऊन तिथल्या पैलवानांशी लढणार.

अन् त्यानंतर ती गायब. पेपरात नाव नाही, पोस्टर नाही.

काय झालं ते बऱ्याच वर्षांनी तिच्या घरच्यांनी बीबीसीला सांगितलं. तिच्या नातवाचं म्हणणं असं की सलाम पैलवानला तिचं युरोपला जाणं मंजूर नव्हतं. तिला अडवण्यासाठी त्याने तिला काठीने मारलं, हात मोडले. त्या वेळच्या एका शेजाऱ्यानेही सांगितलं की तिचे पायही मोडले होते, तिला उभं राहता येत नव्हतं अन् नंतर कित्येक वर्षं ती काठीशिवाय नीट चालू शकत नव्हती.

ही घरच्या लोकांची अन् शेजाऱ्याची सांगी आहे, कोर्टातला कागद नाही, हे मी सांगून ठेवतो. पण एवढं तर सगळ्यांसमोर आहे की युरोपची घोषणा झाली अन् हमीदा बानो कुस्तीतून कायमची बाहेर पडली. ज्या वस्तादाने तिला घडवलं, त्याच्यापुढे तिची ताकद कामी आली नाही. तीनशे कुस्त्या जिंकणारी बाई घरात का हरते, हा प्रश्न ताकदीचा नाहीच. तिचे पैसे, करार, राहायची जागा, सगळं त्याच माणसाच्या हातातून जात असावं. आज आपण मॅनेजर, कोच, काँट्रॅक्ट असे शब्द वापरतो. तिच्या बाबतीत हे सगळे बहुधा एकच माणूस होता.

लग्नाचंही ऐका. जिने देशभर जाहीर केलं होतं की हरवणाऱ्याशी लग्न करीन, तिचं सलामशी लग्न झालं होतं की नाही यावर घरच्यांचंच एकमत नाही. सलामची मुलगी म्हणते झालं होतं. हमीदाचा नातू म्हणतो, ती त्याच्याबरोबर राहिली, पण लग्न कधी केलं नाही.

पुढचं आयुष्य कल्याणला. मुंबईजवळचं कल्याण, जिथं आपल्याकडची कित्येक मुलं आज नोकरीसाठी खोली करून राहतात. तिथं दोघांचा दुधाचा धंदा होता. सलाम नंतर अलिगढला परत गेला, हमीदा कल्याणलाच राहिली. दूध विकलं, काही खोल्या भाड्याने दिल्या. पैसे संपले तेव्हा घरी खायचे पदार्थ करून रस्त्याच्या कडेला विकले. दिवसाला साडेपाच लिटर दूध पिणारी बाई म्हणून पेपरात आलेली हमीदा, शेवटी दूध विकून जगत होती. १९८६ मध्ये ती गेली.

बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ ला, अथेन्सला. साक्षी मलिकने २०१६ मध्ये रिओत कांस्य आणलं. आपल्या महाराष्ट्रात पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, पण पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरायला मार्च २०२३ उजाडला. स्पर्धा सांगलीत झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील. कुठली? कल्याणची. मी हे वाचलं तेव्हा जरा वेळ गप्पच बसलो. दोघींची कुस्ती बघायला मैदान भरलं होतं अन् दगड कुणी मारला नाही.

आता एक काम तुमच्यासाठी. तुमचे आजी-आजोबा, मामा, आत्या कुणी १९५० च्या आसपास मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा बडोद्याला राहिलेले असतील, तर त्यांना हमीदा बानो हे नाव विचारून बघा. पोस्टर, तिकीट, पेपरचं कात्रण, काहीही सापडलं तर फोटो काढून पाठवा. नुसती आठवण असेल तर मोबाईलवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. पंखा तेवढा बंद करून करा, मागच्या वेळी अर्ध्या आवाजांत फक्त पंखाच ऐकू आला.